राहिलेला घास

कौशल्याबाईंनी आधी पुढचं दार लोटलं, मग कडी घातली आणि जरा विचार करून खिडकीचा पडदाही ओढून घेतला. भरदुपारी दार लावून बसलेल्या घराकडे अख्खी गल्ली बघते, हे त्यांना कळत नव्हतं असं नाही. पण चटईवर मधोमध बिअरची बाटली उभी होती, आणि समोरच्या तुळजाबाईच्या नजरेतून भीमपुरात आजवर काही सुटलेलं नव्हतं.

“खोल आता काय खोलायचं ते,” त्या म्हणाल्या.

अर्पिताने बाटलीचं झाकण उडवलं. फस्स असा आवाज झाला तशा कौशल्याबाई दचकून दाराकडे बघू लागल्या. अर्पिता पहाटेच हैदराबादहून निघाली होती, बर्फाचा डबा मांडीवर धरून. कौशल्याबाईंच्या मुलाच्या, देवानंदच्या हाताखाली ती बिअर बनवायला शिकली होती. मूळची इकडच्याच भैंशाची, त्यामुळे चहा झाला, आडनावं निघाली, कुणाची मावशी कुणाच्या गावात दिली हेही निघालं. पण चहा संपला आणि बाटली बाहेर आली, तेव्हा कौशल्याबाई दार लावायला उठल्या होत्या.

सुनयना भिंतीला टेकून बसली होती. आपल्यासाठी कुणी एवढ्या लांबून आलं आहे याचं तिला काहीतरी वाटायला हवं होतं. वाटत नव्हतं. पाच महिने हे असंच चाललं होतं. वैशाखातल्या एका सकाळी देवानंद कामावर जायला निघाला आणि रस्त्यातच गेला. तेव्हापासून ती उठत होती, सडा टाकत होती, भाकरी थापत होती आणि निजत होती. रडू आलं नव्हतं. बायकांनी आधी कौतुक केलं, की किती धीराची आहे. मग त्याच बायका पाणवठ्यावर म्हणू लागल्या, की बाई कोरडी ठणठणीत आहे. सुनयनाला त्यांचा राग आला नाही. तिला स्वतःचीच भीती वाटायची, की खरंच आपल्या आत काही नाही की काय.

“वहिनी, टाकीत अजून आठशे लिटर आहे,” अर्पिता म्हणाली. “दादांनी शेवटची लावलेली. आता दिवाळीच्या मालासाठी टाकी रिकामी करायची आहे. नवीन साहेब म्हणतात, ही आंबली आहे, बिघडली, नाल्यात सोडून द्या. मी म्हटलं बेल्जियन पद्धतीची बिअर आहे, ती थोडी आंबटच असते. तर म्हणाले, थोडी म्हणजे किती, ते कोण सांगणार?”

“मग?”

“ते फक्त दादांना ठाऊक होतं. ते म्हणायचे, पिकू दे, मी सांगेन तेव्हा काढू.” “मी साहेबांना म्हटलं, वहिनींना विचारून येते. आज संध्याकाळपर्यंत मुदत दिली आहे.”

कौशल्याबाईंनी नाक मुरडलं. मुलगा बिअरच्या कारखान्यात आहे हे त्यांनी गावाला कधी सांगितलं नव्हतं. गावासाठी तो सरबताच्या कंपनीत होता. आणि नवऱ्यासमोर, यशवंतरावांसमोर, तर या विषयाचं नावच निघत नसे. ते आत्ता कापूस वेचणाऱ्या बायांसोबत शेतात होते म्हणून बरं. घरी असते तर तो बर्फाचा डबा उंबऱ्याच्या आत आला नसता.

“हे काऊन विचारते हिले?” त्या म्हणाल्या. “हे काय पिते काय?”

“पीत नाहीत, काकू. चाखतात.”

खरं होतं ते. हैदराबादच्या दोन खोल्यांच्या घरात देवानंद संध्याकाळी थर्मासमधून घोटभर काहीतरी आणायचा आणि स्वयंपाक करणाऱ्या सुनयनासमोर धरायचा. ती एक घोट घ्यायची आणि पोळी उलटत सांगायची: याला चिंच जास्त झाली. हे परवाच्या ताकासारखं लागतंय. हे गोड आहे पण खोटं गोड आहे. तो हसायचा, आणि दुसऱ्या दिवशी कारखान्यात जाऊन तेच दुरुस्त करायचा.

अर्पिताने पोट सुटलेला काचेचा पेला काढला, पुसला आणि त्यात बिअर ओतली. वर पांढरा फेस चढला. रंग फिकट, गढूळसर, भाताच्या पेजेपेक्षा थोडा पिवळा.

सुनयनाने पेला हातात घेतला. गार होता. तिने घोट घेतला आणि तो तोंडात धरला. जिभेला गारवा कळला, बारीक टोचणं कळलं. बस. तिने गिळला. मग दुसरा घोट घेतला. अर्पिता तिच्या तोंडाकडे अशी बघत होती जशी निकालाच्या दिवशी पोरं मास्तरकडे बघतात.

“छान आहे,” सुनयना म्हणाली.

अर्पिताचा चेहरा उतरला. “वहिनी, दादा म्हणायचे, तुम्ही कधी छान म्हणत नाही. छान म्हणाल त्या दिवशी समजायचं की लक्ष नव्हतं.”

सुनयनाने पेला चटईवर ठेवला. आठशे लिटर आता नाल्यात जाणार होतं. त्याच्या हातचं जगात एवढंच उरलं होतं, आणि ते राहावं की जावं हे सांगण्यासाठी तिची जीभ लागत होती. ती जीभ तोंडात नुसती पडून होती.

“मला काही लागत नाही,” ती म्हणाली. “खरं सांगते. कशाचंच काही लागत नाही.”

“मले मालूम हाय,” कौशल्याबाई म्हणाल्या.

दोघींनी त्यांच्याकडे बघितलं.

“भाजीत एक दिवस मीठ दोनदा पडते, एक दिवस पडतच नाई. परवा त वरनात साखर होती. हे बी खातेत, मी बी खातो. बोलाव काय त्याच्यात?”

सुनयनाला हे ठाऊकच नव्हतं. दोन म्हातारी माणसं रोज समोर बसून तिचा बिघडलेला स्वयंपाक निमूट जेवत होती, आणि सासरे वर “अजून वाढ” म्हणत होते. ती सासूकडे बघत राहिली.

कौशल्याबाईंच्या डोक्यात मात्र दुसरंच चक्र फिरू लागलं होतं. त्या थोड्या पुढे सरकल्या.

“सुनयना, त्या दिवशी तुले कडू घास कोनं देल्ला होता?”

माणसाला पोचवून आल्यावर त्या घरात चूल पेटत नाही. नात्यातलं किंवा शेजारचं कुणीतरी पिठलं-भाकर घेऊन येतं आणि नको नको म्हणणाऱ्या घरच्यांच्या तोंडात पहिला घास बळेच घालतं. तो कडू घास. तो गिळला की माणूस गेला हे पोटात उतरतं, मग रडणं काय, जेवण काय, आपापल्या वाटेनं येतं. तेराव्याला गोड जेवण होतं ते त्या कडूच्या भरवशावर.

“मला?” सुनयना आठवू लागली. “मी भावाच्या गाडीत मागून आले. येईपर्यंत तुम्ही सगळे जेवून बसला होता. कुणी काही...”

“तुह्या भावाच्या बायकोनं नाई देल्ला?”

“वहिनीला वाटलं, इथल्या बायांनी दिला.”

“अन आमाले वाटलं, सुनेचा घास माहेरचे देतेत.” कौशल्याबाईंनी कपाळाला हात लावला. “घ्या! एवढं भरलं घर अन पोरगी तशीच राह्यली. तेरवीले गोड खाल्लं इनं, कडू खाल्लंच नाई.”

हे ऐकून एखाद्या शिकलेल्या माणसाला हसू आलं असतं. अर्पिताला आलं नाही. तिच्याही आजीने हे असंच म्हटलं असतं. ती नुसती पेल्याकडे बघत होती, आणि मग काहीतरी बोलायचं म्हणून म्हणाली, “यात दादांनी घरून आणलेली कसलीतरी फुलं घातलीत. वाळलेली, पिशवीभर. कसली ते कारखान्यात कुणालाच माहीत नाही.”

कौशल्याबाईंनी हात पुढे केला. “आन इकडं.”

जन्मात कधी दारूच्या वाऱ्याला उभ्या न राहिलेल्या त्या बाईने पेला दोन्ही हातांनी धरून नाकाशी नेला. एकदा हुंगला. मग डोळे मिटून पुन्हा हुंगला.

“लिंबाचा फुलोरा हाय हा,” त्या म्हणाल्या. “मांगच्या झाडाचा. पाडव्याले आला तवा चादर आथरून झटकला त्यानं. म्याच त वाळवला सावलीत. मले म्हने, आई, सरबतात टाकतो.”

सुनयनालाही तो पाडवा आठवला. देवानंद चादरीची चार टोकं गोळा करत होता, केसांत पांढरी बारीक फुलं. ती म्हणाली होती, कडुलिंबाची बिअर कोण पिणार, अर्धं गाव थुंकेल. तो म्हणाला होता, कडू आधी नाही येऊ द्यायचं. आधी वास. मग थोडं आंबट. आणि संपलं असं वाटलं, की मग कडू. तेव्हा तिने लक्ष दिलं नव्हतं. पुरण शिजत होतं.

कौशल्याबाई उठल्या. चुलीमागच्या टोपल्यातून सकाळची ज्वारीची भाकर घेऊन आल्या, तिचा पापुद्र्यासकट एक तुकडा मोडला. पेल्यातली बिअर थोडी ताटलीत ओतली. फेस ताटलीभर पसरला आणि बसला. त्यांनी तुकडा त्यात बुडवला.

“आई, दारू आहे ती,” सुनयना म्हणाली.

“मले कळते काय हाय ते. आ कर.”

सुनयनाने तोंड उघडलं. सासूची बोटं तिच्या ओठांना लागली; त्यांना राखेचा आणि कांद्याचा वास असणार, पण तो काही तिला आला नाही. ती चावू लागली. भिजलेली भाकर, दुसरं काही नाही. ती चावत राहिली, कारण सासू समोर बसून होती आणि उठायची चिन्हं नव्हती.

मग तिने श्वास सोडला आणि नाकात मागच्या बाजूने लिंब फुलला. चैत्रातल्या रात्री अंगणात बाज टाकली की येतो तसा. ती थांबली. पुन्हा चावली. जिभेच्या कडांना आंबट कळलं, आंबिलीसारखं, हलकं. तिने गिळलं आणि झालं असं वाटलं.

आणि मग जिभेच्या मुळाशी कडू आलं. सावकाश आलं आणि गेलंच नाही.

“कडू आहे,” ती म्हणाली. तिच्या नाकातून पाणी वाहत होतं. डोळ्यांतून वाहतंय हे तिला नंतर कळलं.

“वहिनी?” अर्पिता घाबरली. “म्हणजे बिघडली?”

सुनयनाने मान हलवली. “नाही. आधी वास, मग आंबट, मग कडू. त्याला असंच पाहिजे होतं.” तिने पदराने तोंड पुसलं, पण ते काही कोरडं राहीना. “झाली आहे ती. साहेबांना सांग, ओतू नका. आणि आणखी पिकवूही नका, आंबट वाढेल. काढा आता.”

अर्पिता फोन घेऊन परसात पळाली. घरात रेंज नव्हती. मागच्या दारातून तिचा आवाज येत राहिला. ती तेलुगूत कुणाला तरी तेच तेच पुन्हा सांगत होती.

सुनयना रडत होती. मोठ्याने नाही, पण थांबतही नव्हतं. कौशल्याबाईंनी तिची समजूत घातली नाही, की पाठीवरून हात फिरवला नाही. त्या ताटलीकडे बघत बसल्या होत्या. भाकरीचा उरलेला तुकडा त्यांच्या हातात तसाच होता.

“दे मले बी,” त्या एकदम म्हणाल्या.

“काय?”

“घास.” त्यांनी तो तुकडा सुनयनाच्या हातात ठेवला. “त्या दिवशी तुळजानं घातला होता माह्या तोंडात. सगळ्यायच्या समोर. म्या पदरात थुंकला अन गाईच्या गव्हानीत टाकून आली.”

“का?”

“खाल्ला असता त तो गेला असता ना,” कौशल्याबाई म्हणाल्या. “म्या मनलं, घरात कोनी एकानं त ठेवाव त्याले.”

सुनयनाने तुकडा ताटलीत बुडवला. बुडवून धरून ठेवला, नीट भिजेपर्यंत. मग तो सासूच्या तोंडाजवळ नेला. कौशल्याबाईंचे ओठ घट्ट मिटलेले होते. हातावरून ओघळ सुनयनाच्या कोपरापर्यंत गेला. तिने हात मागे घेतला नाही.

म्हातारीने तोंड उघडलं.

तेवढ्यात पुढच्या दारावर थाप पडली. कडी हलली.

“कौसल्ये!” तुळजाबाईचा आवाज आला. “भर दुपारी दार काऊन लावलं वं? काय करून राह्यल्या?”

कौशल्याबाई चावत होत्या. चावता चावता त्यांचा चेहरा वेडावाकडा झाला आणि त्यांनी सुनयनाचं मनगट पकडलं. पण त्या थुंकल्या नाहीत. गिळलं, आणि मग दाराकडे तोंड करून फुटक्या आवाजात म्हणाल्या,

“जेवून राह्यलो आमी.”