घरपोच पुस्तकं

पालकसभेत तोंड उघडायचं नाही, असं ती घरून ठरवूनच निघाली होती. मागच्या बाकावर बसायचं, मुंगीच्या बाई अक्षराबद्दल, डब्याबद्दल जे काय सांगतील ते ऐकायचं आणि सरळ घर गाठायचं. मुंगी म्हणजे तिची सात वर्षांची लेक. चालायला लागली तेव्हापासून भिंतीच्या कडेकडेनं चालायची, म्हणून घरात सगळे मुंगी म्हणू लागले आणि ते नाव शाळेतही पोचलं.

पण मोठ्या बाईंनी विषयच असा काढला. "गावचं वाचनालय मुलांना एक पैसा न घेता पुस्तकं देतं. तरी आपल्या शाळेतली बोटावर मोजण्याइतकी मुलं तिथे जातात. पालकांनाच वाचनाची गोडी नाही म्हणायची का?"

तिच्या शेजारी लाँड्रीतली इस्त्रीवाली बसली होती, ढमीची आई. ढमी मुंगीच्याच बाकावर बसायची आणि दर सोमवारी मुंगीला विचारायची, 'ए, तुझ्या नव्या पुस्तकात काय झालं, सांग ना.' इस्त्रीवालीनं मान खाली घातली आणि पदराचं टोक बोटाला गुंडाळत बसली. मुंगीच्या आईला ते बघवेना. कॉलेजात ती वादविवादात भाग घ्यायची. लग्नानंतर तो आवाज कुठे जाऊन दडून बसला होता कोण जाणे. आज तो आवाज आपणहून उठून उभा राहिला.

"गोडी असते हो बाई. वाचनालय फुकट आहे, पण मुलाचं बोट धरून तिथवर नेणारा माणूस फुकट कुठे मिळतो? ज्यांच्या आया शनिवारी कामावर असतात, त्यांनी काय करायचं? मुलं वाचनालयात जात नसतील तर पुस्तकांनी शाळेत यावं. दप्तरातून घरी जावीत, दप्तरातून परत यावीत."

टाळ्या पडल्या. इस्त्रीवालीनं तिचा हात दाबला. मोठ्या बाई म्हणाल्या, "वा! हे आम्हाला का नाही सुचलं?"

घरी येताना तिचे कान गरम झाले होते. किती दिवसांनी आपलं कुणी ऐकून घेतलं! आपण नेमकं काय बोलून बसलो, हे मात्र अजून तिच्या ध्यानात आलं नव्हतं.

घरात सासऱ्यांना अर्धांगाचा झटका येऊन गेल्यापासून ते खाटेवरच होते. पाठीला जखमा होऊ नयेत म्हणून त्यांना सारखं या कुशीवरून त्या कुशीवर वळवावं लागे. दवाखान्यातल्या नर्सनं शिकवलं होतं: एकीनं खांदा धरायचा, दुसरीनं कंबर, आणि मग एकदम. सासूबाईंच्या मनगटात जोर उरला नव्हता. त्या कंबर धरायच्या तेवढ्याच, सगळा भार हिच्यावर. तेव्हा ती घराबाहेर पडायची म्हणजे तिच्या जागी नवरा घरात हवा. तो एकटा वडिलांना सहज वळवी. मोटारींच्या सीटची कव्हरं शिवण्याच्या कारखान्यात तो कामाला होता आणि शनिवारी दुपारीच सुटून यायचा. मुंगीसाठी. पोरीला वाचनालयात न्यायचं असतं म्हणून.

पोरीसाठी म्हटलं की या घरात कुणी नाही म्हणत नसे. सासूबाईही नाही. त्या काही दुष्ट नव्हत्या; उलट निघताना मुंगीच्या खिशात रुमाल त्याच खुपसायच्या.

पण वाचनालयात काय व्हायचं, हे तिनं कुणाला सांगितलं नव्हतं. मुलांच्या खोलीत सतरंजीवर मुंगी पालथी पडून पुस्तकं उलटीपालटी करायची आणि ती खिडकीजवळच्या बुटक्या खुर्चीवर गुडघे वर घेऊन बसायची. घरी तिचा जीव कायम टांगणीला. मुंगी झोपली तरी तिच्या नाकाशी बोट धरून बघायची. सासऱ्यांना घास अडकला तर, गॅस चालू राहिला तर, रिक्षा उलटली तर. डोळे मिटले तरी आतून पहारा चालूच. त्या बुटक्या खुर्चीवर मात्र ती मुंगीकडे बघायचं विसरून जायची. चक्क विसरायची! मधेच दचकून बघावं तर मुंगी सतरंजीवर मजेत, पाय हवेत हलवत. काही झालेलं नसायचं. मग ती पुन्हा खिडकीबाहेर बघत बसायची. पुस्तक हातात असायचं, वाचायचीच असंही नाही.

आठवडाभर ती या बैठकीच्या आधारावर तगून असे.

शाळा वाचनालयाशी बोलली आणि पुस्तकं आली. कापडी पिशवीत घालून, एकेका मुलाच्या दप्तरात. मुंगी उड्या मारतच घरात शिरली.

"आई, बघ! वाचनालयाचा शिक्का आहे! सगळ्यांना मिळालं. ढमीला हत्तीचं मिळालं!"

सासूबाईंनी चष्मा लावून पिशवी उलटसुलट पाहिली. "चांगलं केलंस हो तू त्या सभेत बोललीस ते. शनिवारची पळापळ तरी वाचली तुझी."

"पण आई, तिला स्वतःच्या हातानं निवडायला आवडतं," ती घाईघाईनं म्हणाली.

"निवडायचंय काय त्यात? मेथी आहे का?"

संध्याकाळी नवरा आला तो खुशीतच. "कारखान्यात शनिवारचं पूर्ण दिवसाचं काम निघालंय. मालक कधीचे मागे लागले होते. आज सांगून टाकलं, येतो म्हणून. आता काय, पुस्तकं घरीच येतात."

"मला विचारायचं तरी."

"यात काय विचारायचं? तूच तर शाळेला सांगितलंस."

स्वतःच्या पायावर धोंडा मारून घ्यायचा, तोही भर सभेत, टाळ्या घेऊन.

त्या शनिवारी दुपारी घरात सगळं जिथल्या तिथे होतं. सासरे खाटेवर, सासूबाई खाटेच्या पायथ्याशी, मुंगी जमिनीवर हत्तीचं पुस्तक घेऊन. ढमीकडून अदलाबदल करून आणलं होतं. पुस्तक तेच होतं, पानं तीच, वाचनालयातली. ती भिंतीला टेकून बसली आणि मुंगीकडे बघत राहिली. पुस्तकाच्या पत्र्याच्या पिना निघाल्यात का, बोटाला लागतील का. मुंगीनं दोनदा मान वर करून विचारलं, "आई, काय झालं? का बघतेस?"

"काही नाही. वाच तू."

सोमवारी सकाळी वेणी घालताना ते तिच्या तोंडून निघून गेलं.

"बाईंना सांग, मला ही पुस्तकं आवडत नाहीत. मला वाचनालयात जाऊनच घ्यायचीत."

"पण ही वाचनालयातलीच आहेत."

"तरी सांग."

"पण मला आवडतात की."

"मुंगे, आईचं ऐकायचं असतं ना?" रबर तिनं जरा जास्तच ताणून बसवला. मुंगी "आई गं" म्हणाली आणि मग तिनं होकाराची मान हलवली.

मनातल्या मनात तिनं पुढचं सगळं रचून ठेवलं होतं. बाईंची चिठ्ठी येईल, पोरीला वाचनालयातच न्या म्हणून. नवरा कुरकुरत का होईना, शनिवार पुन्हा मोकळा करील. कुणाचं काही बिघडणार नाही. बाकीच्या मुलांना पुस्तकं मिळतच राहतील. ती दिवसभर भांडी घासताना हेच घोळवत होती आणि तिला बरंही वाटत होतं, याची तिला जरा लाज वाटली.

चिठ्ठी काही आली नाही. मुंगीच्या दप्तरात कापडी पिशवीही आली नाही. विचारलं तर मुंगी म्हणाली, "या वेळी नाही दिलं." आणि तोंड फिरवून पाटी पुसायला लागली. पाटी आधीच कोरी होती.

खरं काय ते कळलं शाळेच्या बसच्या थांब्यावर. थांबा घराच्या खिडकीतून दिसायचा, म्हणून तिथवर जायला तिला मोकळीक होती. बसमधून आधी ढमी उतरली, गळ्यात एक पिशवी, हातात एक.

"दोन-दोन कशा गं तुझ्याकडे?"

"मावशी, ही मुंगीची. तिला पुस्तकं आवडत नाहीत ना, म्हणून बाई म्हणाल्या जबरदस्ती नको. मग मीच मागितली." ढमीनं दोन्ही पिशव्या पोटाशी धरल्या. "वाचायच्या तासाला ती रंगवत बसते. आम्ही वाचतो."

मुंगी मागे उभी होती. बुटाच्या टोकानं खडीतला एक खडा उकरत होती.

"तुला हवं होतं पुस्तक?" ढमी गेल्यावर तिनं विचारलं.

"तूच म्हणालीस ना, सांग म्हणून."

"मग रडली का नाहीस? मला सांगायचं तरी!"

"तू रागावशील म्हणून." आणि मग मुंगीचा ओठ थरथरायला लागला. "ते घुबडाचं होतं. मला मिळणार होतं ते. माझा नंबर होता."

दिवसरात्र जिच्यावर पहारा ठेवला, तिला लागलं ते नेमकं आपल्याच हातानं.

दुसऱ्या दिवशी सासऱ्यांना वळवून, पाठीशी उशी लावून ती म्हणाली, "आई, मुंगीच्या शाळेत जाऊन येते. काम आहे."

"मुंगीचं ना? जा मग. पण लवकर ये, फार वेळ एका कुशीवर नको."

वर्गात मधली सुट्टी होती. बाई फळा पुसत होत्या.

"बाई, मुंगीला पुस्तक द्या. तिला आवडतात."

"अहो, पण ती स्वतःच म्हणाली..."

"मी शिकवलं तिला तसं म्हणायला."

बाईंचा फळ्यावरचा हात थांबला. "तुम्ही? सभेत इतकं छान बोललात तुम्ही!"

"बोलले. पण पुस्तकं घरी आली आणि माझं वाचनालय बंद झालं. पोरीच्या निमित्तानं तेवढी बाहेर पडत होते मी. तिथे नुसती बसायचे." एवढं बोलून तिला धाप लागली. शाळेत येऊन हे काय सांगत बसलोय आपण, असं झालं.

बाई खुर्चीवर बसल्या. वयानं तिच्याहून फार मोठ्या नसतील. "माझी ताई अशीच दळणाला जायची," त्या म्हणाल्या. "गिरणीवाला पीठ घरी पाठवतो म्हणाला तर त्याच्याशी भांडली होती." आणि हसल्या. तीही हसली आणि हसता हसताच तिचे डोळे भरून आले.

"हे बघा, पुस्तक आजच देते. पण सगळी योजना काही मी मागे घेऊ शकत नाही."

"नको, नको! मागे अजिबात नका घेऊ. ढमीच्या आईला मी काय तोंड दाखवू?"

"मग तुमचं तुम्हालाच मागावं लागणार घरी," बाई म्हणाल्या. "त्याला माझी चिठ्ठी नाही चालायची."

वाटेत तिनं वाक्य जुळवून पाहिलं. 'मला शनिवारी जायचं आहे.' सोपं होतं. कॉलेजात याहून अवघड वाक्यं ती न अडखळता बोलली होती. घराच्या पायऱ्या चढेपर्यंत ते तोंडात होतं. दार उघडताच सासूबाई म्हणाल्या, "आलीस? बरं झालं, ह्यांचा हात मुंग्या आल्यासारखा झालाय," आणि ते वाक्य चपलांबरोबर बाहेरच राहिलं.

संध्याकाळी मुंगी ढमीकडून परत मिळालेलं घुबडाचं पुस्तक घेऊन आली. कोपऱ्यात बसून पान उलटायच्या आधी बोट पुसून घेत होती. नवरा आला, चहा घेत बसला. ती त्याच्यासमोर येऊन उभी राहिली.

"अहो, शनिवारी मला वाचनालयात जायचंय."

"पोरीचं पुस्तक आलंय की."

"पोरीसाठी नाही. मला. मी तिथे जात होते ती माझ्यासाठीच."

त्यानं कप खाली ठेवला. तो चिडला नाही. चिडला असता तर बरं झालं असतं, भांडता आलं असतं. "मग तेव्हाच तसं सांगायचंस ना. पोरीच्या नावावर कशाला?"

"सांगितलं असतं तर पाठवलं असतंत?"

त्यानं कपाचा कान दुसऱ्या बाजूला वळवला. "या शनिवारी तर शक्य नाही. मालकांना शब्द दिलाय."

"पुढच्या?"

"बघतो."

'बघतो' म्हणजे काय, हे तिला पाठ होतं. न्हाणीघराचा दरवाजा मोडका होता, त्याचंही तो बघत होता.

आतून सासूबाईंनी विचारलं, "कुणाला जायचंय रे कुठे?"

"कुणाला नाही, आई," तो म्हणाला आणि टॉवेल खांद्यावर टाकून हातपाय धुवायला गेला.

ती तिथेच उभी राहिली. न्हाणीघरात नळ सोडल्याचा आवाज आला. मुंगीनं पुस्तकावरून डोळे वर करून तिच्याकडे पाहिलं. आई पोरीकडे बघते तसं, काही होतंय का ते बघत. तेवढं पुरे झालं. ती आत गेली.

"मला जायचंय, आई. शनिवारी. वाचनालयात."

सासूबाई खाटेपाशी उशा सारख्या करत होत्या. "पोरीचं आलंय ना?"

"आलंय. मला जायचंय. मला एकटीला, थोडा वेळ."

सासूबाईंनी तिच्याकडे नीट निरखून पाहिलं, आजारी माणसाकडे बघावं तसं. मग स्वतःच्या मनगटांकडे पाहिलं. सासरे दोघींकडे आळीपाळीनं बघत होते.

"ये, आधी ह्यांना वळवू."

"मी काय म्हणतेय, आई..."

"ऐकलं गं मी. बहिरी नाही. तू गेल्यावर इथे खांदा कोण धरणार, तेच बघतेय." सासूबाईंनी कमरेखाली हात घातले. "धर आधी."

तिनं खांदा धरला.