शून्य डॉलरचं कार्ड

मी सैनिकाच्या बायकोचं ओळखपत्र बोलतोय. टेक्सासातल्या लष्करी छावणीत राहणाऱ्या लुआन होल्कम्बच्या पाकिटात मी चार वर्षं काढली. फाटकावरचा पहारेकरी रोज मला उलटसुलट करून बघायचा, मग लुआनच्या तोंडाकडे बघायचा. सगळा जन्म असा संशयात गेल्यावर माझा स्वभावही तसाच झाला. कुणी गोड बोललं की मला आधी शंका येते.

माझं खरं काम दवाखान्यात. लुआनच्या सहा वर्षांच्या मायसीला मधुमेह आहे. एवढ्या लहान पोरांना वेगळं कार्ड मिळत नाही, तिचं सगळं माझ्यावरच चालतं. खिडकीपाशी मला दाखवायचं, इन्सुलिन घ्यायचं, घरी यायचं. पैसे शून्य. मागून टपालाने लिफाफे येत. आतल्या कागदावर ठळक अक्षरांत 'हे बिल नाही' असं छापलेलं असतं, हे छावणीतल्या सगळ्या बायकांना पाठ. म्हणून त्या ते लिफाफे न फोडताच टोपलीत टाकतात. फुकटच्या गोष्टीची किंमत कोण विचारतो!

लुआनच्या नवऱ्याच्या, ट्रेव्हरच्या, सैन्यातल्या नोकरीची मुदत संपायला दीड महिना उरला होता. पुन्हा सही करायची, नाहीतर वर्दी उतरवायची, आणि वर्दीबरोबर मीही बाद. अशा वेळी त्याचा जुना सोबती प्रुइट रविवारी अंगणात मांस भाजायला आला. तो आता एका माल वाहतूक कंपनीत माणसं भरती करतो.

"वहिनी, वर्षाला अठरा हजार डॉलर जास्त. वर नवरा रोज संध्याकाळी घरी."

"आणि विमा?"

"आहे की! त्याची कसली काळजी करता?"

हे बोलताना त्याने तोंड वर केलं नाही, मांसच परतत राहिला. मला तिथेच वास आला.

तो गेल्यावर ट्रेव्हर म्हणाला, "पोरीच्या सहा वाढदिवसांपैकी मी दोन पाहिलेत, लू. आता पुरे झालं." लुआनचे डोळे भरून आले. तिलाही तेच हवं होतं.

तरी सकाळी तिने टोपली उपसली आणि तीन लिफाफे फोडले. इन्सुलिन सोडणारा पंप, इन्सुलिन, हिवाळ्यातल्या इस्पितळातल्या तीन रात्री: अडतीस हजार डॉलर. खाली, तुमचं देणं शून्य. मग तिने प्रुइटला फोन लावला.

"भाऊजी, विम्याचं तेवढं कागदावर पाठवा."

कागद यायला चार दिवस लागले. वर्षाचा हप्ता चौदा हजार, आणि विम्याने पैसे भरायला लागण्याआधी दरवर्षी खिशातून आठ हजार.

ट्रेव्हरने कागद दोनदा वाचला. "प्रुइटने फसवलं मला."

"फसवलं कसलं? आपण किंमत विचारलीच कुठे होती?"

त्याने पुन्हा सैन्याच्या कागदावर सही केली. मी जिंकलो म्हणून मला आनंद व्हायला हवा होता. उलट आता मला माझाच संशय येतो. आम्ही मला फुकट समजत होतो, पण ज्यांनी मला दिलं त्यांना माझी किंमत पहिल्या दिवसापासून पक्की ठाऊक असणार. औषध देऊन बाप ठेवून घेतला.

आज नवं कार्ड घ्यायला लुआन कचेरीत आली आहे. जुनं परत करावं लागतं. कारकून हसून म्हणाला, "अभिनंदन बाई, आणखी चार वर्षं मिळाली."

"मिळाली नाहीत हो," लुआन म्हणाली, "आम्ही दिली."

त्याने ऐकलं की नाही कुणास ठाऊक. मला त्याने कात्रीत धरलंय. जाता जाता एवढंच सांगतो, माझ्या जागी येणाऱ्या नव्या कार्डाला फार जीव लावू नका.