हुंग्याची बायको

माझा नवरा अब्दमिल्क म्हणजे सूर बंदरातला सगळ्यात नावाजलेला हुंग्या, आणि गेल्या हिवाळ्यातल्या तापानंतर त्याला कसलाच वास येत नव्हता. हे फक्त त्याला आणि मला ठाऊक होतं.

कापडाच्या रंगशाळेत हुंग्याशिवाय, म्हणजे वासावरून रंग पारखणाऱ्याशिवाय, पान हलत नाही. शिशाच्या काहिलीतला रंग पिकला की नाही ते डोळ्यांनी बघायची सोय नाही. पिकत्या रंगावर ऊन पडलं की जांभळ्याचा निळा होतो, आणि निळं कापड काय, कुणीही पाला कुजवून करतं. म्हणून खोली अंधारी, झाकण बंद. हुंग्या झाकण चार बोटं उचलतो, नाक लावतो. तो "पिकलं" म्हणाला की त्या क्षणी भट्टीतली आग बाहेर ओढायची. जास्त शेक लागला तर नऊ दिवसांची मेहनत करपून जाते.

तीन महिने आम्ही निभावून नेलं. रंगशाळेच्या भिंतीला टेकून आम्ही बायका दगडाने शंख फोडतो, आतल्या गोगलगायीची रंगाची गाठ काढून मिठात टाकतो. माझी जागा धुराड्याच्या भोकाखाली. आतला वास तिथून सरळ माझ्या तोंडावर येतो. वीस वर्षं याचे कपडे धुतलेत मी. पाचव्या दिवशी नुसती सडकी मासळी, आठव्या दिवशी लसूण, आणि पिकलं की लसणामागून ओल्या खजुराचा वास. माझा दगड संथ पडत असला तर अजून वेळ आहे. लागोपाठ दोन-दोन ठोके पडले की पिकलं. आत तो कान देऊन ऐकायचा आणि ऐटीत सांगायचा, "पिकलं!" वर संध्याकाळी घरी मलाच सुनवायचा, "आज उशीर केलास ठोकायला."

असा माणूस. तरी माझा होता.

त्या दिवशी अष्टार्त देवीच्या पडद्याची काहील होती. बारा हजार शंखांचा रंग. देवीचा रंग बिघडवणाऱ्या हुंग्याला समुद्रापलीकडे तांब्याच्या खाणीत धाडतात, आणि खाणीतून परत आलेला एकही माणूस मी पाहिलेला नाही. देवीच्या काहिलीच्या खोलीत बाईने पाऊल टाकायचं नाही, हाही नियम.

देवळाचा कारभारी गेरसकोन सकाळीच येऊन आत बसला होता. दुपारी त्याने दारातून डोकं बाहेर काढलं.

"हे काय ठोकाठोक लावलंय? देवीची प्रार्थना म्हणायचीय. थांबवा हात सगळ्यांनी."

मी दगड खाली ठेवला नाही. "कारभारी, मेलेल्या गोगलगायीचा रंग उतरतो. हात थांबवून कसं चालेल?"

"देवीपेक्षा तुझी गोगलगाय मोठी का गं?"

"थांब की अरिशत," शेजारची बतनोअम म्हणाली, "हात मोडून आलेत माझे." हातातला दगड तिलाच घालावा असं वाटलं मला.

दार लागलं. दारापुढे देवळाचा शिपाई उभा राहिला. आत प्रार्थना सुरू झाली, लांबतच गेली. आणि तिच्या मध्यातच भोकातून खजुराचा वास आला.

मी दगड उचलून दोन ठोके दिले, पण प्रार्थनेच्या गजरात ते बुडाले. शिपाई चार ढांगांत आला आणि त्याने दगड माझ्या हातातून काढून घेतला. मी मुठीने भिंतीवर ठोकलं. ती भिंत हातभर जाड, मुठीचा आवाज कसला जातोय! तोवर वासाला कडवट धार यायला लागली. म्हणजे करपायला थोडाच वेळ उरला होता.

आत प्रार्थना संपली. गेरसकोनचा आवाज भोकातून स्वच्छ ऐकू आला.

"काय रे, पिकलं?"

झाकण उचलल्याचा आवाज आला. मग माझ्या नवऱ्याचा आवाज, आधी त्याला, मग भट्टीवाल्याला. "अजून... थोडं. शफात, दोन मुठी कोळसा टाक."

"पिकलंय!" मी ओरडले. "आग ओढ शफात, आग ओढ!" शिपायाला ढकलून मी दार उघडलं आणि आत घुसले.

माझ्याबरोबर दुपारचं ऊनही आत घुसलं. झाकण उघडंच होतं. उन्हाचा पट्टा थेट काहिलीवर पडला. मी पाठीने दार लोटलं, पण पडायचं ते पडून गेलं होतं. भट्टीवाल्या शफातने घाबरून आग बाहेर ओढली होती, तेवढं एक नशीब.

"कोण ही?" गेरसकोन अंधारात म्हणाला.

"माझी बायको," अब्दमिल्क म्हणाला. "वेडी आहे."

"वेडी असेल. खरी की खोटी ते लोकर सांगेल."

त्याने लोकरीचा पुंजका काठीला बांधून काहिलीत बुडवला. मनात शंभर मोजून झाले. पुंजका वर आला तो हिरवट पिवळा. कोपऱ्यातल्या दिव्यापुढे धरला तसा कडेने निळा व्हायला लागला. बारा हजार शंख मी एका दारापायी घालवले, नवऱ्याला खाणीत मीच धाडला. पण ऊन क्षणभरच लागलं होतं; निळ्यात तांबूस उतरलं, वाढत गेलं, आणि पुंजका सुकल्या रक्तासारखा गडद जांभळा झाला.

"दहा वर्षांत असा पाहिला नाही," गेरसकोन हळूच म्हणाला. मग अब्दमिल्ककडे वळला. "तू तर कोळसा टाकायला सांगत होतास. कधीपासून वास येत नाही तुला?"

त्याने झाकण काहिलीवर ठेवलं. मीच म्हणाले, "हिवाळ्यापासून. तेव्हापासूनचं सगळं कापड माझ्या नाकावर झालंय. त्याला धाडू नका, कारभारी. मी हुंगते."

गेरसकोनने पुंजका पुन्हा दिव्याला धरला. "कापड चांगलं आहे तोवर देवीची तक्रार नसेल. उद्यापासून झाकण तू उचलायचंस. आणि हा बाहेर बसून शंख फोडेल."

घरी येताना अब्दमिल्क माझ्या चार पावलं पुढे चालला. मी भाकरी पुढे ठेवली, मासा ठेवला. त्याने ताट सारलं.

"ओरडलीस कशाला?"

"कशाला म्हणजे? खाणीत मेला असतास!"

"हुंग्या म्हणून मेलो असतो," तो म्हणाला. "उद्या बतनोअमशेजारी बसून दगड मारू मी?"

इतका राग आला मला त्याचा. एक माणूस जिवंत समोर बसलेला दिसावा म्हणून मी देवीचा नियम मोडला होता, आणि त्याला बसायच्या जागेची पडली होती. तोंडाशी आलेलं सगळं मी गिळलं आणि भिंतीकडे तोंड करून रडले. सकाळी तो माझ्याआधी उठला, शंख फोडायचा दगड घेतला आणि माझी वाट न बघता रंगशाळेकडे चालायला लागला.