न जुळणारे आकडे

“बाटली तूच भरलीस ना?” ताईने विचारलं, तेव्हा धाकटी बहीण भिंतीवरची तपासण्यांची यादी वाचत असल्याचं सोंग करत होती.

“मग काय शेजारणीकडून उसनी आणू?”

ताई हसली नाही. हॉस्पिटलच्या लॅबमध्ये रक्त-लघवी तपासण्यात तिची बावीस वर्षं गेली होती. धाकटीला ल्यूपस झाला, तिच्या शरीराची राखण करणारं रक्तच मूत्रपिंडांवर उलटलं, तेव्हापासून दर महिन्याला तिचं सॅम्पल ताईच लावायची. आज अंगातली सूज सांगणारा ईएसआर सत्तरीपार गेला होता. रक्तातलं सी-थ्री तळाला पोचलं होतं. दुखणं भडकलं की ते हमखास उतरायचं. धाकटीच्या पावलांवर चपलेचे पट्टे रुतले होते. रक्त असं बोंब मारत असताना लघवी मात्र साळसूद, आजारी मूत्रपिंडांतून गळणाऱ्या प्रथिनांचा मागमूस नाही!

“कुणाची आहे?”

धाकटीची मान खाली गेली. “ह्यांची. विम्यासाठी तपासणी आहे म्हणून सांगितलं. बिचाऱ्यांनी काठोकाठ भरून दिली.”

दोघींनाही हसू फुटलं. हसता हसताच धाकटीने ओढणी तोंडाशी धरली.

“सहा महिने रिपोर्ट चांगले आले तर मुलाचा विचार करू, असं डॉक्टर म्हणाले होते. हा सहावा गं. आधीचे पाच खरेच माझे होते.”

“आणि दिवस गेल्यावर किडन्या गेल्या असत्या तर?”

“कळतं मला.”

“कळतं, तरी?”

“कळलं म्हणून हवंसं वाटायचं थांबतं का?” धाकटीने डोळे पुसले. “जाऊ दे ना हाच रिपोर्ट. सही तर तुझीच असते.”

पेन ताईच्या हातातच होतं. लहानपणी हिच्यासाठी ती आईशी कितीदा खोटं बोलली होती! तिने पेन टेबलावर ठेवलं, ड्रॉवरमधून कोरी बाटली काढली आणि धाकटीच्या हातात दिली.

“सही करते. पण तुझ्या लघवीवर.”

धाकटी तशीच बसून राहिली. मग उठली. परत आली तेव्हा बाटलीत फेस होता. ताईने प्रथिनं दाखवणारी पट्टी बुडवली; बघता बघता ती गडद हिरवी झाली. दोघींनीही ती पाहिली. ताईने आकडे लिहिले, सही केली.

“मी देते डॉक्टरांना,” ताई म्हणाली.

“नको. माझा आहे.”

डॉक्टरांनी रिपोर्ट दोनदा वाचला. मूत्रपिंडाचा तुकडा तपासायचा, जड औषधं पुन्हा सुरू करायची. मुलाचं सध्या नाही. “कधीच नाही, असं म्हणत नाहीये मी,” ते म्हणाले. धाकटीने मान डोलावली आणि औषधांच्या वेळा नीट विचारून घेतल्या.

जिना उतरताना तिने ताईचा हात धरला नाही. अर्ध्यावर मात्र ती पायरीवर बसली. ताई एक पायरी खाली उतरून बसली. येणारे-जाणारे अंग चोरून बाजूने जात होते. ताईने तिच्या चपलांचे पट्टे सैल केले आणि ती सुजलेली पावलं आपल्या मांडीवर घेतली.