गुनवोरच्या पायरीवरची किटली

मी एक किटली. निळ्या इनॅमलची, पोटात चाळीस कप कॉफी मावेल एवढी. नॉर्वेतल्या एका खाडीकाठच्या गावात, प्रार्थनाघराच्या स्वयंपाकघरात माझा मुक्काम असतो. आज स्वतःचं कौतुक सांगायला बसलेली नाही मी. एका बाईचा मी अपराध केलाय. तो कबूल केल्याशिवाय मला चैन पडायची नाही.

साठ वर्षांपूर्वी गावातल्या चौदा जणींच्या महिला मंडळानं हिवाळाभर मोजे विणले, ते विकले आणि मला आणलं. तेव्हा काय दिमाख होता माझा! रविवारी प्रवचन संपलं की बाकांवरची माणसं उठून कॉफीला यायची, आणि माझ्या तोटीतून वाफ निघालेली दिसली की म्हाताऱ्यांचे चेहरे प्रवचनापेक्षा जास्त उजळायचे. देवा, क्षमा कर, पण ते खरं आहे.

मंडळाची एक रीत होती. जिची पाळी झाली तिनं मला घासूनपुसून पुढचीच्या घरी न्यायचं, पायरीवर ठेवायचं आणि तोटी दाराकडे करायची. दार वाजवायचं नाही. तोंडावर विचारलं तर समोरचीवर नाही म्हणायची वेळ येते, आणि देवाच्या कामाला नाही कसं म्हणणार? म्हणून न विचारताच ठेवून जायचं. तिनं दार उघडलं, मला पाहिलं, की पुढच्या रविवारची कॉफी, वॅफल, खुर्च्या, झाडलोट, सगळं तिचं. चौदा जणी होत्या तोवर वर्षाकाठी तीनचार पाळ्या यायच्या. कुणाला जड गेलं नाही.

मग एकेक जण गळत गेली. कुणी देवाघरी गेली, कुणी नोकरीसाठी शहरात. कुणाचे गुडघे धरले, कुणाला नातवंडं झाली. मंडळाची प्रमुख बोर्गहिल्ड हुशार बाई. यादीवरून बोट फिरवायची आणि म्हणायची, "ठेवा गं गुनवोरकडे. ती घेते जमवून."

आणि गुनवोर घ्यायची जमवून. पिवळ्या घरातली, रुंद खांद्यांची, हसताना तोंडावर हात धरणारी. आठवडाभर गावातल्या आजाऱ्यांच्या घरी जाऊन त्यांना आंघोळी घालायची, औषधं द्यायची. घरी अंथरुणाला खिळलेली सासू. घरचं झालं थोडं आणि व्याह्यानं धाडलं घोडं, त्यातली गत! ते घोडं म्हणजे मी. एक आठवडा, दोन आठवडे, मग दर आठवड्याला. पुढेपुढे तर रविवार संपला की बोर्गहिल्ड मला परत तिच्याच पायरीवर आणून ठेवायची.

आता माझा अपराध ऐका. मला तिच्याकडे जायला आवडायचं! बाकीच्या जणी मला कशातरी विसळायच्या. गुनवोर मला आतून मऊ फडक्यानं पुसायची, चुलीजवळच्या उबेत ठेवायची, काम करताना गुणगुणायची. भजनमंडळीत खालच्या पट्टीत गायची ना ती. बोर्गहिल्डचे पाय पिवळ्या घराकडे वळले की मला आनंद व्हायचा. दार उघडल्यावर गुनवोरचा चेहरा एक क्षण कसा पडतो, हे पायरीवरून मला दर खेपेस दिसत होतं. मी ते मनाला लावून घेतलं नाही.

आधी तिचं गाणं सुटलं. तालमीची वेळ आणि वॅफलच्या पिठाची वेळ एकच. मग तिची बाकावरची जागा सुटली, डावीकडे खिडकीशी तिसरी. प्रवचन चालू असताना ती माझ्यापाशी उभी असायची आणि भिंतीपलीकडून पाहुण्या उपदेशकाचा नुसता घुमता आवाज यायचा. शब्द कळायचे नाहीत. अकरा वर्षं. एकदा माझ्या वाफेनं तिचं मनगट चांगलं होरपळलं. तिनं बाही खाली ओढली आणि कप भरत राहिली. त्या दिवशी तरी मला लाज वाटायला हवी होती.

एकदा नवरा ओडमुन म्हणाला, "अगं, नाही म्हणून सांग की एकदा."

"बोर्गहिल्डला वाईट वाटेल."

"आणि तुला?"

"मला काय धाड भरलीय? येशूनं शिष्यांचे पाय धुतले. मला मेली चार कप कॉफी जड होते का?"

"त्यानं धुतले, पण दर रविवारी नव्हते धुतले," ओडमुन पुटपुटला. ती हसली नाही. पूर्वी अशा बोलण्याला हात तोंडावर धरून हसायची. रात्रीची प्रार्थनाही आता ती भराभर उरकायची, भांडी उरकावी तशी. एकदा मधेच थांबली आणि म्हणाली, "देवा, तुझ्याशी बोलायचासुद्धा कंटाळा येतो रे." आणि आपल्याच तोंडून काय निघालं म्हणून घाबरून रडली. मी चुलीजवळ होते, सगळं ऐकलं. गुनवोरचा देव तिच्यापासून दूर चालला होता, आणि मधे मी उभी होते.

मग तो नोव्हेंबरातला रविवार आला. आधीच्या आठवड्यात सासूबाई जास्तच आजारी, गुनवोरला धड झोप नाही. आयुष्यात पहिल्यांदा तिनं मला घासलं नव्हतं. आधीच्या रविवारच्या कॉफीचा चोथा माझ्या पोटात तसाच पडून होता. तिनं त्यावर पाणी ओतलं, उकळलं, आणि नवीन कॉफी घालायची साफ विसरली. पुडा ओट्यावर तसाच बंद. मी काय ओरडणार? मला तोटी आहे, तोंड नाही. चाळीस कपांत मी ते पिवळट, बेचव पाणी ओतत गेले.

माणसं त्या कपांत बघत राहिली. मग एकमेकांकडे. मग कुणी साय घातली, कुणी साखर, आणि सगळ्यांनी ते प्यायलं. "छान झालीय हं, गुनवोर." "धन्यवाद, गुनवोर." बोर्गहिल्डनं तर दुसरा कप मागून घेतला! एकाही माणसानं चकार शब्द काढला नाही. गुनवोरचं लक्षच नव्हतं. नजर कपावर, मन कुठंतरी भलतीकडे.

सगळे कोट चढवत होते तेव्हा ती मला धुवायला बसली. चोथा काढला तर तो फिका पडलेला. तिनं ओट्याकडे पाहिलं. बंद पुडा दिसला. ती तशीच खाली फरशीवर बसली, मला मांडीवर घेऊन.

बोर्गहिल्ड निरोप घ्यायला आत आली. "अगंबाई, खाली काय बसलीस?"

"बोर्गहिल्ड, आज कॉफी घातलीच नव्हती मी."

बोर्गहिल्ड कोटाची बटणं लावू लागली.

"तुला माहीत होतं?"

"कळलं गं. पहिल्याच घोटाला."

"मग दुसरा कप कशाला घेतलास?"

"तुला वाईट वाटू नये म्हणून."

गुनवोरनं मला मांडीवरून खाली ठेवलं. मग हसायला लागली, आणि हसता हसता कधी रडायला लागली ते कळलं नाही. "मीसुद्धा अकरा वर्षं तेच करतेय. तुला वाईट वाटू नये म्हणून. दार उघडायचे आणि ही पायरीवर बसलेली दिसायची. मला वाटायचं, उचलून खाडीत फेकून द्यावी. आणि मग वाटायचं, असं मनात आणणारी मी कसली ख्रिस्ताची!"

खाडीत. मला! ऐकलं आणि माझं इनॅमल गार पडलं. पण राग नाही आला. फेकली असती तर बरं झालं असतं, असंच वाटलं.

बोर्गहिल्ड चांगली बाई, पण जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही म्हणतात ना? तिनं डोळे पुसले, मला विसळलं आणि सवयीनं गुनवोरपुढे धरलं. "बरं, मग पुढच्या रविवारी..."

गुनवोरनं दोन्ही हात पाठीमागे नेले. एखाद्या लहान मुलीसारखे. "नाही," ती म्हणाली. आवाज इतका बारीक की मला धड ऐकू आला नाही. म्हणून की काय, तिनं ते पुन्हा म्हटलं. "नाही, बोर्गहिल्ड."

तो आठवडा मी प्रार्थनाघराच्या ओट्यावर एकटी काढला. पुढच्या रविवारी कॉफी नव्हती. माणसं प्रवचन झाल्यावर हात चोळत उभी राहिली आणि घरी गेली. गुनवोर आलीच नाही. ओडमुन सांगत होता, घरी बसून रडतेय, म्हणतेय मी देवाचं काम टाकलं. मला वाटलं, झालं. माझ्यापायी ही बाई प्रार्थनाघरालाच मुकली.

त्याच्या पुढच्या रविवारी बोर्गहिल्ड स्वतः पिवळ्या घरी गेली. रिकाम्या हातांनी, आणि या खेपेस म्हणे दार वाजवून. काय बोलली मला ठाऊक नाही, मी तिथे नव्हते. पण दोघी हात धरून आल्या आणि बोर्गहिल्डनं तिला डावीकडे खिडकीशी तिसऱ्या जागेवर बसवलं. मग एप्रन बांधून आत माझ्यापाशी आली. ऐंशी वर्षांची बाई, गुडघे कुरकुरतायत. "चल गं बये," मला म्हणाली, "आपण दोघींनी मिळून तिला छळलंय. आता आपण दोघीच उभ्या राहू."

त्या दिवशीचे उपदेशक म्हणजे दणदणीत आवाजाचे गृहस्थ. दार उघडं ठेवलं होतं, म्हणून मला दिसत होतं. पाचव्या मिनिटाला गुनवोरची मान कलली. दहाव्या मिनिटाला घोरणं सुरू झालं! अकरा वर्षांनी प्रवचनाला बसली आणि बाई झोपली. उपदेशकांनी पाहिलं, थांबले, आणि उरलेलं सगळं प्रवचन हळू आवाजात सांगितलं. मागच्या बाकांना एक अक्षर ऐकू गेलं नाही. कुणाची तक्रार नव्हती.

जागी झाली तेव्हा लाजेनं लाल झाली होती. तेवढ्यात बोर्गहिल्डनं माझ्यातून पहिला कप भरून तिच्या हातात दिला. सगळं प्रार्थनाघर तिच्याकडे बघतंय. गुनवोरनं घोट घेतला. तोंड वाकडं केलं.

"पांचट झालीय," ती म्हणाली.

बोर्गहिल्ड घाईनं म्हणाली, "अगं, बस बस, तू उठू नकोस!"

"उठतंय कोण?" गुनवोर म्हणाली, आणि हात तोंडावर धरून हसली.

आता मी कुणाच्या पायरीवर जात नाही. इथेच ओट्यावर असते, आणि ज्याला करायचं असेल तो येऊन करतो. ओडमुनही करतो, आणि कडू जहर करतो. ज्या रविवारी कुणालाच जमत नाही, त्या रविवारी माणसं नळाचं पाणी पितात. गुनवोर महिन्यातून एकदा येते, आपणहून. परवा मला पुसताना पुन्हा गुणगुणत होती. त्या मनगटावर डाग आहे अजून, आणि तो दिसला की मी मान वर करू शकत नाही.

भीड भिकेची बहीण, असं म्हणतात. तुमच्याकडेही असेल एखादी जमवून घेणारी. तिच्या पायरीवर काही ठेवून जाण्याआधी एकदा दार वाजवा, बाबांनो. आणि तिनं नाही म्हटलं, तर ते 'नाही'ही कॉफीसारखं पिऊन घ्या. पांचट लागलं तरी.