शाळूच्या ताटांची नवरी

आमच्या जत्रेत काठी हाय, होम हाय, पन नवरी न्हाय. का न्हाय, त्ये पारावर चिलीम वढनाऱ्यास्नी इचारू नका. देवालाच नको झाली, असलं कायबी सांगत्यात मेले. देवाला कशाला नको हुईल? खरं काय घडलं त्ये मला ठावं हाय. मी रंभा, कुंभाराच्या घरची धाकटी सून, आन मी तितं हुते.

सोलापूरला सिद्धरामाचा गड्डा संक्रांतीला भरतो, त्यो मोठा. आमची जत्रा माघातली, त्येची धाकटी भन म्हना. पन मान दोनीकडं कुंभाराच्याच घरचा. मागं कवातरी कुंभाराची एक पोर देवाचं आंगन रोज झाडायची, आन लगीन करीन तर ह्येच्याशीच म्हनून हटून बसली. देव पडला जोगी. त्यो म्हनला, मी संसार करत न्हाय, माज्या काठीसंगं लगीन लाव. तवापासनं दरसाल काठीचं लगीन, आन नवरी आमच्या घरची. शाळू जोंधळ्याची उभी ताटं कापून पेंडी बांधायची, त्येस्नी हिरवं लुगडं नेसवायचं, नथ घालायची, मुंडावळ्या बांधायच्या. मंग पाटील काठी घिऊन दारात यायचा आन घरच्या थोरल्या बाईला इचारायचा, लेक दिली का? बाईनं म्हनायचं, दिली. एवढा एकच सबूद. त्यो तोंडातनं निघाल्याबिगर हलगी वाजायची न्हाय, का जिलबीवाला कढई चढवायचा न्हाय. अक्षता पडल्या की नवरी होमात जायाची, आन मंग सारा गाव जत्रेत मोकळा.

सोलापुरात गोरे सोजीर येऊन बसले, त्याच्या फुडच्या माघात नवरी बंद झाली, त्येची ही गोष्ट. सबूद द्यायचा मान हुता माज्या थोरल्या जावंचा, अंबुबाईचा. पन त्या सालची गोष्ट सांगायची तर आदल्या सालापासनं सांगाया पायजे.

अंबूआक्काला एकच लेक, वच्छला. दुधनीपल्याड दिलेली. जत्रेला गावच्या समद्या लेकी माहेरी येत्यात, तशी आदल्या साली ती बी आली. गाडीतनं उतरली तवा हसत हुती. पन आंघुळीला बसली आन पदर सरला, तसा तिचा हात दिसला. उलथनं तापवून डागलेला, कोपरापातूर. मंग काय, समदंच भायेर पडलं. सासू भाकर मोजून द्यायची, ती बी शिळी. नवरा बोलायचा कमी, मारायचा जास्त. पोरगी बापाच्या पायावर पडली. मला माती मळाया ठिवा, गाढवं राखाया ठिवा, पन माघारी धाडू नका, असं रडून रडून सांगितलं तिनं.

तिचा बाप, म्हंजी माजं थोरलं दीर कल्लप्पा. मानूस वाईट न्हवता हो. पन लोकाला भ्यायचा. त्यो एवढंच म्हनला, दिली ती दिली. आन आमी बायका? अंबूआक्कानं त्याच सकाळी सगळ्या गावाफुडं देवाला लेक दिली हुती. देवाची लेक द्यायची आन आपली ठेवून घ्यायची, तर लोक तोंडात शेन घालतील, असं तिला वाटलं. मला बी वाटलं, खोटं कशाला बोलू? जत्रा उठली, दीरानं गाडी जुपली आन पोरीला हाताला धरून सोता गाडीत बसवली. गावाभायेर जाईस्तवर ती माघारी बगत हुती.

चैतात सांगावा आला, हिरीत पाय घसरला. डोंबलाचा पाय घसरला! ल्हानपनापासनं हिरीचं पानी वढनारी पोर ती, तिचा पाय घसरतोय व्हय? पन इचारायचं कुनी? आमी गेलो, माती दिली, हात जोडून आलो. त्या दिसापासनं अंबूआक्का धडपनी बोलली न्हाय. चाकाफुडं बसायची, मडकं वर यायचं, आन तीच हातानं त्ये पाडायची.

आन बगता बगता माघ आला. मी म्हनलं, आक्का, औंदा नवरी मी बांधते. तिनं मान हलवली. आतल्या खोलीत एकलीच बसून तिनं ताटं बांधली. सकाळी मी आत डोकावले, तर नवरीच्या आंगावर वच्छीचं लग्नातलं लुगडं.

दिस कासराभर वर आला तवा काठी दारात आली. मागं सारा गाव. तिप्पण्णा पाटलानं इचारलं, "लेक दिली का?" आक्का गप. त्येनं परत इचारलं. आक्का नवरीच्या अंगाला हात लावून हुबी, जमिनीकडं बगत. मान्सं आदी हसली, मंग कुजबुजाया लागली. दीर फुडं झाला, कानडीत हळूच म्हनला, हेळ, अंबे, हेळ. बोल म्हनत हुता. त्येच्या कपाळावर घाम. चार मान्सांत नाक कापलं जातंय, एवढंच दिसत हुतं त्येला.

दिस डोक्यावर आला. काठी धरनाऱ्याचे हात भरून आले. पोरं जिलबीसाठनं रडाया लागली. म्हाताऱ्या म्हनाय लागल्या, औंदा पाऊस पडत न्हाय, पटकी येनार, ह्या बाईच्या पायी गाव बसनार. पाटील मला म्हनला, मंग धाकटीनं द्यावा सबूद. माजी मायाक्का सात वर्साची. माज्याच पदराला धरून हुबी हुती, आन तिची सोयरीक ठरत आलेली. मी म्हनलं, थोरली जित्ती असताना धाकटीनं लेक द्यायची रीत न्हाय. रीत रीत करत्यात ना? घ्या मंग रीत.

तवा आक्कानं मान वर केली. आवाज लई बारीक, पन समद्यास्नी ऐकू गेला.

"न्हाय दिली."

एवढं म्हनली, नवरीला उराशी धरून आत गेली आन कवाडाला आतनं कडी घातली.

मंग जो कालवा झाला म्हनता! देवाला नाट लावला म्हनून चार-पाच गडी कवाड फोडाया धावले. पाटील म्हनला, ताटांचीच तर पेंडी हाय, उचलून आना भायेर. एकानं कवाडाला खांदा लावला बी.

आन माजं दीर मधी आलं. सकाळधरनं जो बायकूच्या पाया पडायचं तेवढं बाकी ठेवत हुता, त्यो मानूस. पटका सुटून गळ्यात आलेला, दोनी हात पसरून कवाडाला पाठ लावून हुबा राह्यला.

"पोरीला हात लावायचा न्हाय," त्यो म्हनला. "माजी लेक हाय ती. कुटं जानार न्हाय."

समदे जागच्या जागी थांबले. जलमात त्येनं पाटलाफुडं आवाज चढवला न्हवता. पाटील बगत राह्यला, मंग काठीवाल्याला त्येनं हातानंच खूण केली, चला माघारी. हेच बोलनं गेल्या माघात दीराच्या तोंडातनं निघालं असतं, तर वच्छी आज चुलीफुडं बसून आमाला भाकरी वाढत असती.

कवाडाआडनं आक्काचा आवाज आला.

"आत्ता व्हय, धनी? आत्ता?"

दीर वळला. कवाडाला कपाळ टेकून त्यो ल्हान लेकरावानी रडला. अंबे, कवाड उघड, म्हनत राह्यला. लोक पांगले, दिवेलागन झाली, तरी त्यो तितंच हुता. तिनं कडी काढली न्हाय.