ताईचा पुढे आलेला दात

लोकांचं हसू दुरुस्त करण्यात दातवाल्याची हयात गेली होती. दुसऱ्या मजल्यावर दोन खोल्या; एकीत प्लास्टरचे जबडे ओळीने मांडलेले, दुसरीत मेण वितळवायचा दिवा. डॉक्टर माप पाठवायचे, हा कवळी करायचा. अट एकच, माणसाचा हसतानाचा जुना फोटो हवा. दातांच्या छापील तक्त्याप्रमाणे दात बसवले की माणूस देखणा दिसतो, पण घरचे त्याला ओळखत नाहीत, असं त्याचं म्हणणं.

या खेपेला गिऱ्हाईक घरचंच होतं. त्याची थोरली बहीण, शाळेतली चित्रकलेची बाई. आजाराने आधी तिचे सगळे दात नेले, आणि आता तीही फार दिवसांची नव्हती; डॉक्टरांनी तसं स्पष्टच सांगितलं होतं. दात गेल्यावर तिचं बोलणं कुणाला धड कळेना. दर वाक्याला समोरच्याचं 'काय?' ऐकायचा तिला कंटाळा आला आणि तिने बोलणंच सोडलं. पाटीवर लिहायची. रविवारी जुने विद्यार्थी भेटायला येणार होते. तिने लिहिलं, 'हे बोळकं घेऊन मी त्यांच्यासमोर जाणार नाही.'

पहिली कवळी त्याने घाईघाईत तक्त्याबरहुकूम केली. ताईने आरशात पाहिलं, कवळी काढून वाटीत ठेवली आणि लिहिलं, 'छान आहेत. पण कुणाचे?'

दातवाल्याचं तोंड एवढंसं झालं. अट स्वतःचीच, आणि घरच्या माणसाला तेवढी लागू नाही! तो फोटो शोधायला बसला. फोटो चिक्कार होते, पण प्रत्येकात ताईचे ओठ घट्ट मिटलेले. याला जबाबदार कोण, ते त्याला कुणी सांगायला नको होतं. तिचा वरचा डावा दात शेजारच्याच्या अंगावर चढलेला, म्हणून लहानपणी यानेच तिला 'फावडी' म्हणून चिडवलं होतं. हसतील त्याचे दात दिसतील म्हणतात; हिने फोटोत ते कधी दिसूच दिले नाहीत.

आता वाट एकच उरली होती, चित्र काढायची.

त्याच्या हातात पेन्सिल दिली होती तीही ताईनेच. तो अभ्यासात ढ, रोज मार खाऊन घरी यायचा. ती समोर एक पेला ठेवायची आणि सांगायची, "तुला ठाऊक आहे तसा नको काढूस. दिसतोय तसा काढ." काठाचा उडालेला टवका त्याने बरोबर काढला, तेव्हा ती केवढी हसली होती! आपलं पोट त्या पेल्यावर चालतं, हे दातवाला मनोमन जाणून होता.

जाणून होता आणि तरीही तीन वर्षांपूर्वी त्याने ते केलं. माजी विद्यार्थी म्हणून तो शाळेच्या समितीवर होता. चित्रकलेचे तास बंद करून त्या वेळात परीक्षेचा सराव घ्यायचा, असा ठराव आला. "चित्रं काढून कुणाचं भलं झालंय?" अध्यक्ष म्हणाले. सगळे हसले, सगळ्यांचे हात वर गेले, आणि आपला एकट्याचाच खाली कसा ठेवायचा म्हणून याचाही गेला. घरी येऊन त्याने कानावर हात ठेवले, "मी त्या बैठकीला नव्हतोच, ताई." चित्रकलेच्या बाईंना निवृत्तीपर्यंत कार्यालयात वह्यांवर रेघा आखायला बसवलं.

तीन दिवस तो तिचा चेहरा कागदावर काढत होता. नाक जमलं, हनुवटी जमली, तोंडापाशी आलं की हात अडायचा. चौथ्या दिवशी त्याने तिला आठवायचं सोडलं आणि तो पेला आठवला. पेल्याच्या पलीकडे ती हसत होती. दात तिथेच होता, किंचित वळलेला, टोकाशी जरा झिजलेला.

शुक्रवारी मेणात बसवलेले दात घेऊन तो तिच्याकडे गेला. ही नुसती चाचणी असते. तोंडाच्या उबेने मेण मऊ पडतं, म्हणून दात लगेच काढून घ्यायचे आणि नंतर पक्के करायचे.

ताईने आरसा मागितलाच नाही. तिने जिभेने चाचपून पाहिलं. जीभ त्या डाव्या दातापाशी थांबली, आणि ती हसली. ओठ न मिटता, अगदी मोकळं हसली. दातवाल्याला रडूच फुटलं.

'फोटो कुठे मिळाला?' तिने पाटीवर लिहिलं.

"फोटो नाही गं. चित्र काढलं. तू शिकवलं होतंस तसं."

तिने पाटी बाजूला ठेवली. दोन महिन्यांत ती पहिल्यांदाच बोलली, आणि शब्द न् शब्द स्वच्छ उमटला.

"मग त्या दिवशी हात का वर केलास रे?"



"ठरावाच्या वहीवर रेघा मीच आखायचे," ती म्हणाली. "मागच्या पानावर हात वर केलेल्यांत तुझं नाव होतं."

तिच्या आवाजात राग नव्हता. असता तर त्याला बरं वाटलं असतं. मेण मऊ पडायला लागलं होतं. तो डावा दात जागेवरून सरकत होता, आणि ते त्याला समोर दिसत होतं. दात काढून घ्यायला हवे होते. पण त्याला हात काही उचलवेना.